स्ट्रिक्ट मोडमधील चुका केव्हा पकडल्या जातात आणि त्या कशा शोधाव्यात

रावेर किंवा सावद्याच्या एखाद्या केळी व्यापाऱ्यासाठी कोणी जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत हिशेबाचे छोटे पान लिहिले आहे, असे समजा. प्रत्येक शेतकऱ्याच्या घडांचे वजन भरायचे, नवती, पिलबाग आणि कांदेबाग या केळीच्या प्रकारांचे त्या दिवसाचे दर लावायचे आणि पावती छापायची, एवढेच त्याचे काम. ही भाषा चलाच्या, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेच्या, नावात देवनागरी अक्षरे स्वीकारते, त्यामुळे बेरजेचा चल ‘एकूण’ या नावाने रीतसर घोषित केलेला आहे. पुढे बेरीज करताना मात्र ही ओळ लिहिली गेली:

एकुण = एकूण + वजन;

डावीकडचा उकार ऱ्हस्व आहे आणि संगणकाच्या दृष्टीने ते वेगळेच नाव आहे. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुका उघड करणारी भाषेची कडक पद्धत, लावलेली नसेल, तर जावास्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता ‘एकुण’ नावाचा नवा सार्वत्रिक (सगळ्या पानाला दिसणारा) चल तयार करते, मूळ ‘एकूण’ शून्यावरच राहतो आणि पावतीवर शून्य क्विंटल छापले जाते. ज्या हिशेबावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, तिथे अशी मुकी चूक फार घातक असते. २००९ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या एक्मास्क्रिप्टच्या (जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपाच्या) पाचव्या आवृत्तीने स्ट्रिक्ट मोड दिला, तो अशा चुकांना वाचा फोडण्यासाठीच.

तो लागू करण्यासाठी फाइलच्या किंवा फंक्शनच्या (नाव घेऊन बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) अगदी सुरुवातीला एकेरी अथवा दुहेरी अवतरणचिन्हांत ‘यूज स्ट्रिक्ट’ हे दोन इंग्रजी शब्द लहान लिपीत, मध्ये एकच मोकळी जागा सोडून लिहावेत. त्याच्या आधी टिप्पणी चालते, पण एखादे विधान आले, तर ती ओळ निव्वळ निरुपयोगी मजकूर ठरते आणि तसे झाल्याचे कोणी सांगतही नाही. म्हणून स्ट्रिक्ट मोड लावूनही चूक पकडली जात नसेल, तर सर्वप्रथम ही ओळ खरोखर पहिली आहे का, ते पाहावे. अनेक फाइली जोडून एकच फाइल तयार केली जात असेल, तर दुसऱ्या फाइलच्या माथ्यावरची सूचना मध्येच अडकून निकामी होते. उलट पहिल्या फाइलची सूचना पुढच्या सगळ्या जुन्या कोडलाही लागू होते. हे टाळण्यासाठी आपले कोड एका फंक्शनमध्ये गुंडाळून सूचना त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीवर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आतल्या फंक्शनना ती आपोआप लागू होते, मात्र तिथून बोलावलेल्या, बाहेर लिहिलेल्या फंक्शनना होत नाही.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण स्ट्रिक्ट मोडमधील चुका दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर पकडल्या जातात आणि बहुतेक गोंधळ हे टप्पे एकच मानल्यामुळे होतो.

पहिला टप्पा कोड वाचण्याचा. क्रोम ब्राउझर आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) यांच्या पोटात असलेले, कोड चालवणारे व्ही-एट इंजिन एकही ओळ चालवण्यापूर्वी संपूर्ण मजकूर वाचून त्याची रचना तपासते. जी फंक्शन अजून कोणी बोलावलेली नाहीत, त्यांच्यावरूनही ते नजर फिरवते. निव्वळ मजकूर पाहून जी चूक सिद्ध करता येते, ती इथेच ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून पकडली जाते: ‘विथ’ विधानाचा वापर, साध्या चलावर ‘डिलीट’, ‘इव्हाल’ किंवा ‘आर्ग्युमेंट्स’ या नावांना किंमत देणे, आणि शून्याने सुरू होणारे पूर्णांक. या शेवटच्या चुकीकडे हिशेबाच्या कोडमध्ये विशेष लक्ष द्यावे. खातेदाराचा क्रमांक ०१० असा लिहिला, तर जुन्या पद्धतीत तो अष्टमान पद्धतीची संख्या समजून ८ असा वाचला जातो आणि पावती दुसऱ्याच्याच नावावर जाऊ शकते.

फंक्शनला एकाच नावाची दोन प्राचले देणे हीदेखील याच टप्प्यावरची चूक आहे. पावती छापणाऱ्या फंक्शनच्या कंसात ‘शेतकरी, वजन, वजन’ असे लिहिले, तर स्ट्रिक्ट मोड नसताना शेवटचे वजन मुकाट्याने ग्राह्य धरले जाते. इथे इंजिनला एक अडचण येते: कंसातील नावे आधी वाचली जातात आणि स्ट्रिक्टची सूचना नंतर, फंक्शनच्या पोटात सापडते, त्यामुळे त्याला मागे वळून ती नावे पुन्हा तपासावी लागतात. याच गुंतागुंतीमुळे २०१६ च्या आवृत्तीपासून, ज्या फंक्शनच्या प्राचलांना पूर्वनिश्चित किंमती दिलेल्या असतात, त्याच्या आत ही सूचना लिहिणे हीच चूक मानली जाते. अशा वेळी सूचना बाहेरच्या फंक्शनमध्ये न्यावी.

दुसरा टप्पा कोड प्रत्यक्ष चालण्याचा. वरची ‘एकुण’ची चूक याच टप्प्यावर कळते, आधी नाही, कारण त्या नावाचा सार्वत्रिक चल पानावरच्या दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टने तयार केलेला असू शकतो आणि केवळ ही फाइल वाचून इंजिनला तसे नाही, हे ठरवता येत नाही. ती ओळ चालेल त्या क्षणी ‘रेफरन्स एरर’ येते आणि ‘एकुण इज नॉट डिफाइन्ड’ असा संदेश दिसतो. दिवसाचे दर गोठवून ठेवलेल्या ऑब्जेक्टमध्ये (माहितीच्या संचात) ‘दर.नवती = नवादर;’ असा बदल करू पाहिल्यास ‘टाइप एरर’ येते; स्ट्रिक्ट मोड नसता, तर तो बदल नुसताच गिळला गेला असता. ‘न्यू’ न लिहिता कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनवणारे फंक्शन) बोलावला, तर त्या नव्या ऑब्जेक्टकडे निर्देश करणाऱ्या ‘धिस’ची किंमत ‘अनडिफाइन्ड’ राहते, त्यामुळे त्यात काही भरायला जाताच काम थांबते.

या फरकावरून शोध कुठे घ्यावा, ते ठरते. स्क्रिप्ट सर्वस्वी निपचित पडली असेल, एकही बटण चालत नसेल, तर बहुधा पहिल्या टप्प्याची चूक आहे, कारण एका कोपऱ्यातली सिंटॅक्स एररही संपूर्ण स्क्रिप्ट रोखते. वजन भरले जाते पण पावती निघत नाही, अशी अवस्था असेल, तर दुसऱ्या टप्प्याची शक्यता धरावी. दोन्ही प्रसंगी ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल (चुकांचे संदेश दाखवणारी खिडकी) उघडावा आणि संदेशासोबतच्या ओळ क्रमांकावर क्लिक करावे. कोडमध्ये कुठे रिकामा ‘कॅच’ (आलेली चूक झेलणारा भाग) असेल, तर तो आधी काढावा, कारण स्ट्रिक्ट मोडने मोठ्याने सांगितलेली चूक तो पुन्हा दाबून टाकतो.

नोड बसवलेले असेल, तर ‘चेक’ हा पर्याय देऊन फाइल न चालवता तपासता येते, पण त्यात फक्त पहिला टप्पा तपासला जातो. ‘एकुण’ त्यातून सहज निसटतो. कांदेबागचा दर क्वचितच लागत असेल, तर त्या फांदीतली चूक महिनोन्‌महिने झोपून राहू शकते, म्हणून चाचणी घेताना प्रत्येक प्रकारची निदान एक पावती काढून पाहावी. त्याच्या जोडीला ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा ‘नो-अनडेफ’ हा नियम लावावा. तो घोषित न केलेली नावे लिहिता लिहिताच दाखवतो. टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर आधारित भाषाही हेच काम अधिक कडकपणे करते, फक्त त्यातील ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय मुख्यतः किंमतींच्या प्रकारांच्या तपासणीचा आहे, हे ध्यानात ठेवावे. जावास्क्रिप्टच्या स्ट्रिक्ट मोडसाठी तिथे ‘ऑलवेज स्ट्रिक्ट’ असा पर्याय आहे, आणि ‘स्ट्रिक्ट’ लावल्यास तोही आपोआप लागू होतो.

नवे काम सुरू करत असाल, तर मॉड्यूल (आपली नावे स्वतःपुरती ठेवणारी कोडची फाइल) वापरावे. २०१५ च्या आवृत्तीपासून मॉड्यूल आणि क्लास यांच्या आतले कोड नेहमीच स्ट्रिक्ट असते, वेगळी सूचना लागत नाही. जुने पान मॉड्यूलवर नेताना मात्र दोन गोष्टी आडव्या येतात. बटणाच्या ‘ऑनक्लिक’मध्ये थेट नाव लिहून बोलावलेली फंक्शन सापडेनाशी होतात, कारण मॉड्यूलमधील नावे सार्वत्रिक नसतात, ती बटणे ‘अ‍ॅड इव्हेंट लिसनर’ने जोडावी लागतात. शिवाय फोल्डरमधल्या फाइलवर दोनदा क्लिक करून पान उघडले, तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणास्तव मॉड्यूलची वेगळी फाइल आत घेत नाही, त्यामुळे सर्व्हर नसलेल्या दुकानातील संगणकावर फंक्शनमध्ये गुंडाळण्याची आधीचीच पद्धत कायम ठेवावी.