हातातल्या कॅमेऱ्यासाठी दोन दिवे: घरगुती इन्फ्रारेड सेन्सर बारची तयारी

वी या खेळयंत्राचा रिमोट संगणकाला जोडून पडद्यावरचा बाण हवेतून हलवायचा असेल, तर त्यासाठी लागणारा ‘सेन्सर बार’ घरी बनवता येतो. मात्र साहित्य जमवण्यापूर्वी त्याच्या नावातली चूक ओळखून घ्यावी, कारण पुढची सगळी तयारी तिच्याभोवती फिरते. सेन्सर बारमध्ये सेन्सर नसतो. निन्टेंडोने २००६ साली हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा टीव्हीवर ठेवायला दिलेल्या सुमारे २० सेंटिमीटर लांबीच्या पट्टीत दोन टोकांना प्रत्येकी पाच इन्फ्रारेड एलईडी होते आणि त्यांचे काम केवळ जळत राहणे एवढेच होते. पाहण्याचे काम रिमोटच्या पुढच्या काळ्या काचेमागे असलेला कॅमेरा करतो. त्याला एका वेळी चार तेजस्वी ठिपके ओळखता येतात आणि त्या ठिपक्यांच्या जागा तो ब्लूटूथवरून संगणकाला कळवतो. म्हणजे आपण जे बनवणार आहोत ते ठरावीक अंतरावर ठेवलेले, डोळ्यांना न दिसणारे दोन दिवे आहेत. हे एकदा पटले की बारमधून संगणकाकडे कोणती तार न्यायची हा प्रश्न उरत नाही. बारला वीज हवी आणि ती कुठूनही मिळाली तरी चालते.

म्हणून यादीतले पहिले काम खरेदीचे नाही. घरात दोन मेणबत्त्या असतील तर त्या २० सेंटिमीटर अंतरावर, मॉनिटरपासून आणि खिडकीच्या पडद्यांपासून दूर, स्थिर बशीत उभ्या कराव्यात आणि त्यांच्याकडे रिमोट रोखून बाण हलतो का ते पाहावे. ज्योतीतून भरपूर इन्फ्रारेड किरण निघतात आणि रिमोटच्या कॅमेऱ्याला ज्योत व एलईडी यांतला फरक कळत नाही. या चाचणीचा खरा उपयोग असा की एकही जोड सोल्डर करण्याआधी (वितळवलेल्या धातूने पक्का करण्याआधी) रिमोट, ब्लूटूथ आणि सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी तपासून होतात. अन्यथा बार तयार झाल्यावर बाण हलला नाही, तर दोष कुठे शोधायचा हेच समजत नाही.

त्या चाचणीसाठी संगणकात ब्लूटूथ असावे, नसल्यास यूएसबीत बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर घ्यावा. रिमोटमध्ये दोन ताजे एए सेल घालावेत, कारण सेल उतरलेले असले की जोडणी मध्येच तुटते आणि आपण उगाच सॉफ्टवेअरवर संशय घेत बसतो. जोडणीसाठी १ आणि २ ही बटणे एकत्र दाबावी लागतात, किंवा सेलच्या झाकणाखालचे लाल बटण दाबावे लागते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या रिमोटसाठीचा ड्रायव्हर पूर्वीपासून आहे. खेळांसाठी वापरायचे असेल तर डॉल्फिन हा एम्युलेटर, म्हणजे वीचे खेळ संगणकावर चालवणारा प्रोग्राम, खरा रिमोट स्वीकारतो, आणि बार पडद्याच्या वर आहे की खाली हे त्याच्या सेटिंगमध्ये सांगता येते. उत्तरार्धात निघालेले, आत मोशन प्लस (हालचाल अधिक अचूक टिपणारा भाग) बसवलेले काही रिमोट जुन्या प्रोग्रामांना नीट जोडले जात नाहीत. आपला रिमोट त्यांपैकी आहे का हे मेणबत्त्यांच्या उजेडातच कळलेले बरे.

आता मोजपट्टी घ्यावी. दोन दिव्यांमध्ये किती अंतर ठेवायचे हा निर्णय या सगळ्या खटाटोपात सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो एलईडी विकत घेण्याआधी व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. मूळ पट्टी २० सेंटिमीटरची आहे म्हणून मीही पहिला बार तेवढाच केला, तो मॉनिटरवर ठेवला आणि खुर्चीत बसून पाहिले तर मनगट थोडे वळताच बाण नाहीसा होत होता. जोड पुन्हा सोल्डर केले, एलईडी बदलले, तरी फरक पडला नाही, कारण दोष जोडणीत नव्हताच. रिमोटच्या कॅमेऱ्याला आडव्या दिशेने सुमारे ३३ अंश आणि उभ्या दिशेने सुमारे २३ अंश इतकेच दिसते. दोन मीटरवरून ही चौकट जवळजवळ ११८ सेंटिमीटर रुंद असते, म्हणून २० सेंटिमीटरची पट्टी तिच्या सहाव्या भागात मावते आणि बाजूला भरपूर मोकळी जागा उरते. तोच रिमोट ६० सेंटिमीटरवर आणला की चौकट जेमतेम ३५ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर उंच राहते. तिच्यातला अर्ध्याहून अधिक भाग पट्टीनेच व्यापला, तर हात हलवायला जागा कुठून येणार?

त्यामुळे आपण प्रत्यक्ष जिथे बसतो तिथे रिमोट धरलेला हात नैसर्गिकपणे ठेवावा, हातापासून बारच्या नियोजित जागेपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावे आणि त्या अंतराला ०.६ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे त्या अंतरावरची चौकटीची रुंदी, आणि तिचा साधारण पाचवा ते सहावा भाग म्हणजे दोन दिव्यांमधले सोयीचे अंतर. मेजावर बसणाऱ्याला सहा-सात सेंटिमीटर पुरतात. पलंगावरून किंवा सोफ्यावरून खेळणाऱ्याला मूळची २० सेंटिमीटरची पट्टी योग्य ठरते. उलट बाजूनेही अति करू नये. दिवे फार जवळ आणले की दुरून दोन्ही मिळून एकच ठिपका दिसू लागतो, आणि तसे झाले नाही तरी बाण थरथरतो, कारण रिमोट किती तिरका धरला आहे आणि किती दूर आहे हा हिशेब त्या दोन ठिपक्यांमधल्या रेषेवरून केला जातो. रेषा आखूड असली की मोजण्यातली लहानशी चूकही मोठी होते. ज्या खेळांत रिमोट पुढे-मागे नेण्याला अर्थ असतो ते खेळ मूळ पट्टीचे अंतर गृहीत धरतात, एवढे ध्यानात ठेवून वेगळे अंतर निवडावे.

त्याच बैठकीत खोलीही पाहून घ्यावी. सूर्यप्रकाश, तारेचे जुने बल्ब, हॅलोजन दिवे आणि जळती शेगडी हे सगळे रिमोटच्या दृष्टीने सेन्सर बारच असतात. बारच्या मागे खिडकी येत असेल तर जागा बदलावी किंवा जाड कापडाने ती झाकावी. मेजाचा वरचा भाग गुळगुळीत किंवा काचेचा असेल तर बारचे प्रतिबिंब त्यात उमटून दोनाचे चार ठिपके होतात. अशा वेळी बारच्या पुढे एक काळे, खरखरीत कापड अंथरले तरी काम भागते.

यानंतर एलईडी. दुकानात मागताना ‘इन्फ्रारेड एलईडी, ५ मिलिमीटर, ९४० नॅनोमीटर’ असे स्पष्ट सांगावे. ८५० नॅनोमीटरचेही चालतात, त्यांची अंधारात पुसटशी लाल चमक दिसते. पण रिमोटच्या कॅमेऱ्याला ९४० चे अधिक ठळक दिसतात आणि पुढे येणारा विजेचा हिशेबही त्यांच्या बाजूने सोपा जातो. तशाच दिसणाऱ्या, अनेकदा काळपट रंगाच्या फोटोडायोड आणि फोटोट्रान्झिस्टरपासून सावध राहावे. ते प्रकाश देत नाहीत, घेतात, आणि एकाच खोक्यात मिसळून ठेवलेले असू शकतात. वेव्हलेंग्थइतकेच, म्हणजे नॅनोमीटरच्या आकड्याइतकेच, महत्त्व प्रकाशाच्या कोनाला आहे. टीव्हीच्या जुन्या रिमोटमधून काढलेला एलईडी फुकट मिळतो खरा, परंतु पुष्कळदा त्याचा झोत अरुंद असतो आणि आपण खुर्चीत थोडे सरकलो की तो दिसेनासा होतो. रुंद कोनाचे एलईडी मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास त्यांचा घुमट बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करावा, म्हणजे प्रकाश पसरतो. मूळ पट्टीतही टोकाचे काही एलईडी मुद्दाम किंचित बाहेर आणि किंचित आत वळवलेले आहेत, तेही याच कारणाने. प्रत्येक बाजूला दोन एलईडी पुरेसे आहेत. ते एकमेकांना चिकटून बसवावेत, नाहीतर जवळून ते सुटे ठिपके म्हणून मोजले जातील. चार लागत असले तरी सहा घ्यावेत, कारण सोल्डर करताना एखादा हमखास जळतो.

विजेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय सोल्डरिंग गनला हात लावू नये. ९४० नॅनोमीटरचा एलईडी चालू असताना त्याच्यावर सुमारे १.३ व्होल्ट पडतात. दोन एलईडी एकापुढे एक जोडले की २.६ व्होल्ट झाले. यूएसबीचे ५ व्होल्ट धरले तर उरलेले २.४ व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे करंट मर्यादेत ठेवणाऱ्या भागाने, पेलायचे. ५६ ओहमचा रेझिस्टर घातल्यास साधारण ४३ मिलिअँपिअर करंट वाहतो, आणि अशा दोन साखळ्यांचा मिळून ८६ मिलिअँपिअर. हा आकडा मुद्दाम १०० च्या खाली ठेवला आहे, कारण यूएसबी २.० च्या नियमानुसार संगणकाशी काहीही न बोलणाऱ्या उपकरणाने तेवढाच करंट घ्यावा. रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.१ वॅट उष्णता निर्माण होते, तेव्हा पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. एका साखळीत तीन एलईडी बसवण्याचा मोह होतो आणि ते चालतातही. पण मग रेझिस्टरच्या वाट्याला केवळ १.१ व्होल्ट उरतात. अशा साखळीला २७ ओहम लावले आणि पोर्टचा विद्युतदाब ४.७५ व्होल्टपर्यंत उतरला, तर करंट जवळजवळ पाव हिश्शाने घटतो. दोनांच्या साखळीत ही घट दहाव्या हिश्शाच्या आसपास राहते. ८५० नॅनोमीटरचे एलईडी तर सुमारे १.५ व्होल्ट घेतात, त्यांच्या तिनांच्या साखळीचा विचारच सोडावा. दोन्ही साखळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याची काटकसरही करू नये, कारण करंट सारखा वाटला जाईलच असे नाही आणि एक बाजू फिकी पडते.

विजेसाठी जुनी यूएसबी केबल कापून वापरावी. सामान्यतः तांबडी तार धन आणि काळी तार ऋण असते, तर हिरवी व पांढरी डेटाच्या असतात आणि त्या वेगवेगळ्या कापून टेपने बंद कराव्यात. मात्र स्वस्त केबलमध्ये रंगांवर विश्वास न ठेवता मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. पॉवर बँकवर बार चालवायचा बेत असेल तर ती आधी तपासावी, कारण करंट फार कमी दिसला की अनेक पॉवर बँक स्वतःहून बंद होतात आणि खेळ ऐन रंगात असताना दिवे विझतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र या कामाला घेऊ नये. ती लवकर उतरते आणि उतरता उतरता दिवे मंद करत जाते.

मेजावर आता सोल्डरिंग गन, सोल्डर, वायर सोलायचा कटर, मल्टिमीटर, हीट-श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आक्रसून जोड झाकणारी नळी), इन्सुलेशन टेप आणि दोन चिमटे जमलेले असावेत. बारच्या अंगासाठी लाकडी पट्टी, प्लॅस्टिकची फूटपट्टी, काहीही चालेल. एलईडीचा लांब पाय धन आणि कडेला सपाट बाजू असलेला पाय ऋण, हे एकदा कागदावर रेखाटून समोर ठेवावे. पाय अगदी मुळाशी वाकवू नयेत, आणि जोड देताना एलईडीच्या अंगाजवळ चिमटा धरून दोन-तीन सेकंदांत काम संपवावे. हीट-श्रिंकचे तुकडे तारेत आधी ओवावेत; जोड पक्का झाल्यावर त्यांची आठवण येते हा सार्वत्रिक अनुभव आहे. खिडकी उघडी असावी, कारण धूर नाकातोंडात जातो.

न दिसणारा प्रकाश तपासायचा कसा, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पेटलेला इन्फ्रारेड एलईडी जांभळट-पांढरा दिसतो, पण अनेक मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते. मी एकदा मागच्या कॅमेऱ्याने पाहून चार चांगले एलईडी मेलेले समजून बाजूला टाकले होते. पुढच्या कॅमेऱ्यात चारही लख्ख पेटलेले दिसले. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून आपला कोणता कॅमेरा हा प्रकाश पाहतो हे ठरवून घ्यावे. पेटलेला एलईडी डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळू नये; तो दिसत नसल्याने बाहुली आकुंचन पावत नाही आणि पापणीही मिटत नाही.

पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने धन आणि ऋण तारांमध्ये शॉर्ट नाही ना ते पाहावे, मग बार संगणकाच्या पोर्टला न लावता मोबाइलच्या चार्जरला लावावा, म्हणजे चूक निघालीच तर संगणक वाचतो. चारही दिवे कॅमेऱ्यात दिसले, पाच मिनिटांनंतर रेझिस्टरला बोट लावता आले आणि तारा हलवूनही एकही दिवा लुकलुकला नाही, की मेणबत्त्या विझवून त्यांच्या जागी बार ठेवावा. पट्टीवर एलईडी कायमचे चिकटवण्याआधी दोन दिवस ते टेपनेच राहू द्यावेत, कारण मोजून काढलेले अंतर हाताला पटेलच असे नाही, आणि एखाद-दुसरा सेंटिमीटर इकडे-तिकडे करावाच लागतो.