भित्र्या कुत्र्याला लसीसाठी नेताना: या चुका टाळा

लस टोचायला दहा सेकंदही लागत नाहीत. खांद्याजवळची सैल कातडी चिमटीत उचलायची, बारीक सुई घालायची, संपलं. पुष्कळ कुत्र्यांना ती कळतसुद्धा नाही. तरीही दवाखान्याच्या दारात चारही पाय रोवून बसणारे, टेबलावर लघवी करणारे, धरायला आलेल्या हाताला दात लावणारे कुत्रे रोज दिसतात. त्यांना आधीच गाडीतला प्रवास, तो वास, निसरडी फरशी आणि अंगावर वाकलेला परका माणूस या सगळ्यांनी घाबरवलेलं असतं. सुईची पाळी येईपर्यंत त्यांची सहनशक्ती संपलेली असते. त्यामुळे बहुतेक चुका सुईच्या बऱ्याच आधी होतात, आणि दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

गप्प आहे म्हणजे घाबरलेला नाही, असं समजणं

"बघा किती शहाण्यासारखा उभा आहे," हे वाक्य टेबलाभोवती फार ऐकू येतं. त्या वेळी कुत्र्याचं शेपूट पोटाखाली असतं, कान मागे दाबलेले असतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत असतो आणि तो ओठ चाटत किंवा जांभया देत असतो. हा शांत कुत्रा नव्हे, गोठलेला कुत्रा आहे. गरम नसताना लागलेली धाप, एकदम गळू लागलेले केस, उचलून धरलेला पुढचा पंजा ही त्याच यादीतली लक्षणं.

सर्वांत सोपी परीक्षा खाऊची. घरी ज्या तुकड्यासाठी तो उड्या मारतो, तोच तुकडा दवाखान्यात तोंडाजवळ धरून पाहा. घेतला नाही, किंवा बोटांना दात लागतील असा हिसकावून घेतला, तर भीती बरीच वर गेली आहे. गोठलेल्या कुत्र्याला धरून लस टोचता येते, पण पुढच्या भेटीला तो गोठेलच असं नाही. चावरेपणाची सुरुवात अनेकदा अशाच "काही त्रास न देणाऱ्या" भेटींत होते.

तयारी त्याच दिवशी सुरू करणं

पिल्लाच्या लसी सहसा ६ ते ८ आठवड्यांचं झालं की सुरू होतात आणि २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने किमान १६ आठवड्यांपर्यंत चालतात. जग ओळखीचं करून घेण्याचा कुत्र्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातला. म्हणजे दवाखाना कसा वाटतो हे ठरण्याच्या नेमक्या दिवसांतच या भेटी येतात. त्या खराब गेल्या तर आठवण पक्की बसते. मोठ्या कुत्र्याची आठवण बदलता येते, पण त्याला किमान तीन-चार आठवडे द्या.

पहिलं काम, लसीशिवायच्या भेटी. फोन करून गर्दी नसलेली वेळ विचारा. पाच मिनिटं जायचं, वजनकाट्यावर खाऊ टाकायचा, काउंटरवरच्या माणसाने लांबूनच एखादा तुकडा फेकायचा आणि परत फिरायचं. कुत्रा दारातच अडला तर त्या दिवशी दारापर्यंतच. ओढून आत नेलं तर भेट फुकट जाते. लसी पूर्ण न झालेल्या पिल्लाला मात्र उचलूनच ठेवा. दवाखान्याच्या जमिनीवर पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू असू शकतो.

दुसरं काम घरी, दिवसातून दोनदा तीन-तीन मिनिटं. कातडी हलकेच उचला, सोडा, मग खाऊ द्या. हे जमलं की उचललेल्या कातडीला टोपण लावलेलं पेन टेकवा, मग बिनसुईची सिरिंज. दवाखान्यात स्पिरिट वापरत असतील तर त्याचा बोळा आधी लांबून हुंगू द्या. यात क्रम चुकला तर सगळंच उलटं होतं. आधी स्पर्श, एका सेकंदाने खाऊ. आधी खाऊ दाखवून मग कातडी धरलीत, तर काही दिवसांत कुत्रा खाऊ पाहूनच मागे सरकू लागेल. प्रत्यक्ष लसीच्या वेळी हा नियम सोडायचा. तिथे लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी चाटणं आधीच सुरू करून सलग चालू ठेवायचं. चाटायला दिलेलं भांडं किंवा चटई एरवी घरीही देत राहा, म्हणजे ती सुईची खूण होणार नाही.

तिसरं काम, मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायचं आवरण. "आमचा चावत नाही" म्हणून ते टाळू नका. दुखलं-घाबरलं तर कुठलाही कुत्रा चावू शकतो, आणि मझल असलं की डॉक्टर आणि मदतनीस घट्ट दाबून धरत नाहीत. जाळीदार, टोपलीसारखं मझल घ्या. त्यात तोंड पूर्ण उघडून धापता येतं, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. तोंड बंद ठेवणारं कापडी मझल फक्त एक-दोन मिनिटांपुरतं. त्यात धापता येत नाही, अंग तापतं. चपट्या तोंडाच्या जातींना त्यांच्यासाठीच बनवलेलं मझल लागतं.

सवय लावताना मझल कुत्र्याच्या तोंडावर न्यायचं नाही, तोंड त्याने स्वतः आत घालायचं. आतून चाटण्याजोगं काही लावा. नाक आत राहण्याचा वेळ वाढला की पट्टा एक सेकंद लावून लगेच सोडा. मग दहा सेकंद, एक मिनिट, दहा मिनिटं. दोन-तीन आठवडे सहज जातात. लसीच्या दिवशी ते बाहेरच चढवा. डॉक्टर समोर आल्यावर घाईने बांधलेलं मझल म्हणजे भांडणाची घोषणाच.

औषध अगदी शेवटी आठवणं

कुत्रा घाबरून थरथरायला लागल्यावर दिलेली गोळी फारशी उपयोगी पडत नाही. डॉक्टर भेटीपूर्वी देण्यासाठी गॅबापेंटिन किंवा ट्रॅझोडोन लिहून देतात, कधी दोन्ही. सहसा निघण्याआधी दोनेक तास, काहींना आदल्या रात्रीही एक डोस असतो. मात्रा वजन, वय आणि चालू औषधांवर ठरते, म्हणून सगळी औषधं डॉक्टरांना सांगा. नैराश्यावरच्या किंवा काही वेदनाशामक औषधांबरोबर ट्रॅझोडोन धोक्याचं ठरू शकतं.

डोस आधी एखाद्या निवांत दिवशी घरी देऊन पाहा. काही कुत्रे लडखडतात, काही उलट जास्तच अस्वस्थ होतात. हे लसीच्या सकाळी कळून उपयोग नाही. माणसांच्या कपाटातली औषधं तर अजिबात नकोत. माणसांसाठीच्या काही पातळ गॅबापेंटिनमध्ये झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. एसेप्रोमॅझिन हे गुंगी आणणारं औषध एकट्याने दिल्यास अंग सुस्तावतं पण भीती तशीच राहते. बाहेरून सगळं छान दिसतं आणि आत तो गोठलेला कुत्राच असतो.

त्या दिवशी

घाबरलेला कुत्रा मागे सरकून साध्या गळपट्ट्यातून मान सहज काढतो आणि रस्त्यावर पळतो. अंगाला नीट बसणारा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घाला, दोन्हींना पट्टा जोडा. लांबत जाणारा, गुंडाळला जाणारा पट्टा घरीच ठेवा.

भरपेट नेऊ नका. रोजच्या जेवणाचा थोडा भाग द्या, बाकी भूक खाऊसाठी राखा. भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन ठरलं असेल तर उपाशी किती ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. खाऊ वाटाण्याएवढा, तीस-चाळीस तुकडे, एरवी न मिळणारा. गाडीत लाळ गळत असेल, उलटी होत असेल तर ती मळमळ असू शकते आणि तिच्यावर डॉक्टरांकडे वेगळं औषध आहे. मळमळलेला कुत्रा दवाखान्यात खाऊ घेत नाही आणि भीतीचं खापर डॉक्टरांवर फुटतं.

प्रतीक्षागृहात बसू नका. आल्याचं कळवून बाहेर थांबा आणि बोलावल्यावर सरळ खोलीत जा. ऊन असेल तर बंद गाडीत थांबवू नका. दिवसातली पहिली किंवा शेवटची वेळ मागून घ्या. नखं कापणं, कान साफ करणं त्याच भेटीत उरकण्याचा मोहही नको.

टेबलाचा हट्ट

स्टीलचं टेबल थंड, निसरडं आणि उंच. लस जमिनीवरही देता येते. घरची रबरी किंवा योगाची चटई न्या, तिच्यावर उभा करा. डॉक्टरांना समोरून येण्याऐवजी बाजूने, वाकण्याऐवजी बसून यायला सांगा. यात संकोच कसला? तुमच्या कुत्र्याची माहिती तुमच्याकडेच आहे. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली लस तशीच टोचली तर जास्त झोंबते. टोचण्याआधी सिरिंज मिनिटभर हातात धरता येईल का, आणि औषध भरल्यावर टोचायला नवी सुई घेता येईल का, एवढं विचारायला हरकत नाही. एकापेक्षा जास्त लसी असतील तर जी जास्त झोंबते ती शेवटी. नाकात सोडायची खोकल्याची लस भित्र्या कुत्र्याला फार जड जाते; तोंडावाटे किंवा इंजेक्शनचा पर्याय मिळतो का पाहा.

थोपटल्याने भीती "शिकवली" जाते, हा समज चुकीचा. तो स्वतःहून टेकत असेल तर हात ठेवा, अंग चोरत असेल तर काढा. गुरगुरल्यावर ओरडू मात्र नका. गुरगुरणं हा इशारा आहे. तो दाबून टाकला तर पुढच्या वेळी इशारा न देता चावा येतो.

दोन-तीन सेकंदांहून जास्त झटापट झाली, किंवा धरायला तिसरा माणूस लागू लागला, की थांबा. लस त्याच दिवशी व्हायलाच हवी असं क्वचितच असतं. पण थांबणं म्हणजे टाळत राहणं नव्हे. रेबीज झाला की जवळजवळ नेहमी जिवावरच बेततं, ती लस अनिश्चित काळ मागे ठेवता येत नाही. औषध वाढवून दुसरी तारीख घ्या. तेही जमलं नाही तर गुंगीचं इंजेक्शन देऊन एकदाच लस, रक्ततपासणी, नखं सगळं करून घ्या. दांडगाईने पाच माणसांनी दाबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दरवर्षी सगळ्याच लसी घेणं

मोठ्या कुत्र्याला पिल्लाचा क्रम आणि पहिला बूस्टर पूर्ण झाला असेल, तर डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस यांच्या लसी साधारणपणे तीन वर्षांतून एकदा पुरतात. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) मात्र दरवर्षी लागते. रेबीजचं अंतर कायदा आणि लसीच्या कंपनीनुसार ठरतं. जुनं लसकार्ड नेऊन या खेपेला नेमकी कुठली देय आहे ते विचारा. लहान चणीच्या कुत्र्यांना एकाच वेळी अनेक लसी दिल्या तर रिॲक्शनची शक्यता वाढते, त्यांच्या लसी दोन भेटींत विभागता येतात.

टोचून झालं की लगेच निघणं

वीस-तीस मिनिटं दवाखान्याच्या आसपासच राहा. तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, वारंवार उलट्या, श्वासाला त्रास, कोसळणं, यांतलं काहीही दिसलं तर ताबडतोब परत आत. अशी लक्षणं काही तासांनीही येऊ शकतात, म्हणून त्या रात्री घरी लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. एक-दोन दिवस मरगळ, कमी भूक आणि सुईच्या जागी लहानशी गाठ हे सहसा आपोआप जातं. गाठ वाढत असेल किंवा काही आठवड्यांत विरली नाही तर दाखवा.

पुढचे दोन दिवस आंघोळ, पाहुणे, लांबची फेरी काही नको. औषध कुठलं, किती वाजता दिलं, कुठपर्यंत खाऊ घेतला, नेमकं कशाला दचकला, एवढं लसकार्डाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोनवर वेळ घेतानाच ते डॉक्टरांना वाचून दाखवता येईल.