स्वस्तातली बर्बन आणि गोव्यातला उकाडा : या चुका टाळा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. म्हापशात आमच्या घरी, बाल्कांवात म्हणजे दारापुढच्या ओसरीत, संध्याकाळी साडेसातला मी नवीन आणलेली बर्बन, म्हणजे अमेरिकेची मक्याची व्हिस्की, उघडली, सांगलीहून आलेल्या मेहुण्याला साठचा पेग भरून दिला, त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "दाजी, नेलपॉलिश काढायच्या पाण्याला एवढे पैसे दिले व्हय?" मला राग आला, पण मी पण घोट घेतला तर खरंच तसंच लागत होतं. बाटली काही भारीतली नव्हती, इम्पोर्टेडच्या फळीवरची सगळ्यात खालची म्हणता येईल अशी, पण तीच बर्बन मी डिसेंबरात एकाकडे प्यायलो होतो आणि मस्त लागली होती. म्हणजे घोळ बाटलीत नव्हता, आम्ही जे करत होतो त्यात होता, आणि नंतर वर्षभर थोडं थोडं करून बघताना लक्षात आलं की एक नाही चार-पाच घोळ एकाच वेळी चालू होते.

सगळ्यात मोठा घोळ उकाड्याचा. इंग्रजी व्हिडिओत सांगतात की रूम टेंपरेचरला प्या, बर्फ नको, आणि आपण ते ऐकतो. अरे पण त्यांची रूम वीस अंशांची, आपली एप्रिल-मेमधली रूम एकतीस-बत्तीसची! वीसवरून तीसवर गेलं की अल्कोहोलचा वाफेचा जोर जवळपास पावणेदोन पट होतो, म्हणजे ग्लासाला नाक लावलं की आधी अल्कोहोलच नाकात घुसणार आणि मागचा व्हॅनिला, कॅरॅमल वगैरे कोणालाच कळणार नाही. यावर उपाय सोपा आहे, बाटली प्यायच्या आधी तासभर फ्रीजमध्ये उभी ठेवा, ग्लास पण सोबत ठेवा. पंधरा मिनिटांत काही होत नाही, काच आणि आतली दारू गार व्हायला वेळ घेते. फ्रीजरमध्ये मात्र नको, तिथे ठेवलीत तर वासच झोपतो आणि नुसतं गोडसर गार पाणी प्यायल्यासारखं होतं. एसीची खोली असेल तर हे सगळं करायची गरजच नाही, पण बाल्कांवातली मजा एसीत कुठे.

आता पाण्याचं. मेहुण्याने दुसऱ्या पेगमध्ये कोला ओतला आणि विषय संपवला. कोला वाईट आहे असं मी म्हणत नाही, पार्टीत चालतो, पण मग बर्बन कशाला, दुकानातली कुठलीही ब्राउन दारू चालली असती. दुसरीकडे काही लोक पाण्याचा थेंब पण टाकत नाहीत, जणू काही पाप लागेल. तीस मिली घ्या, 40 टक्के अल्कोहोलवाली असेल तर एक चमचा म्हणजे पाच मिली पाणी टाका, ती साधारण 34 टक्क्यांवर येते, आणि नाकातली चरचर गेली की आतलं काय ते बाहेर येतं. आधी अर्धाच चमचा टाकून बघा, वास घ्या, मग उरलेला. वाईल्ड टर्की 101 सारखी 50.5 टक्केवाली असेल तर जरा जास्त लागेल. पाणी नळाचं नको, क्लोरिनचा वास येतो, बाटलीतलं किंवा उकळून गार केलेलं घ्या. बर्फ घालायचाच असेल तर एक मोठा खडा, ते चिल्लर तुकडे टाकले की पाच मिनिटांत सरबत. आणि बर्फ टाकल्यावर धुरकट झाली तर बाटली डुप्लिकेट आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, काही बर्बन थंड करून गाळलेल्या नसतात आणि त्यातलं तेलकट द्रव्य गारठलं की असं दिसतं.

ग्लासबद्दल फार बोलत नाही. स्टीलचा नको, प्लॅस्टिकचा तर अजिबात नको, तोंडाशी निमुळता असलेला कुठलाही काचेचा चालेल, घरात वाईनचा छोटा ग्लास असतो तो पण उत्तम. नाक आत खुपसू नका, काठाच्या जरा वर धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. तोंड बंद ठेवून जोरात हुंगलं की नाक पाच-दहा मिनिटं कामातून जातं.

मच्छर कॉइल! हे कोणीच सांगत नाही म्हणून सांगतो. आमच्या त्या एप्रिलच्या संध्याकाळी खुर्चीखाली कॉइल जळत होती, देवघरात अगरबत्ती होती, आणि समोर रेशादचा बांगडा. आता व्हिनेगर, लसूण आणि लाल मिरची जिभेवर बसलेली असताना त्या बिचाऱ्या बर्बनने काय करायचं? चाखायचं असेल तर जेवणाआधी चाखा, सोबत भाजलेले काजू नाहीतर साधे खारे दाणे ठेवा, कॉइल गेटापाशी सरकवा. आणि हुर्राकच्या, म्हणजे फेणीच्या आधी निघणाऱ्या काजूच्या हलक्या दारूच्या सीझनमध्ये आधी दोन ग्लास हुर्राक लिंबू-सोडा मारून मग बर्बन चाखायला बसू नका, त्यानंतर नाकाला फक्त काजूच काजू येतो.

आता दुकानातली चूक. गोव्यात इम्पोर्टेड बाटली महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळते आणि फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने बर्बनवरची कस्टम ड्युटी 150 वरून 100 टक्क्यांवर आणली, त्यामुळे लोक दिसेल ती अमेरिकन बाटली उचलतात. लेबल वाचा हो. हनी, ॲपल, पीच असं काही लिहिलेलं असेल तर ती फ्लेवर घातलेली, ती बर्बन म्हणून चाखायची नाही. जॅक डॅनियल्स स्वतःला टेनेसी व्हिस्की म्हणवते, बर्बन नाही, तिथे दारू पिंपात भरायच्या आधी मेपलच्या कोळशातून गाळतात. बर्बन म्हटली की अमेरिकेत बनलेली, धान्यात निदान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात ठेवलेली असलीच पाहिजे. ती तिथल्या केंटकी राज्याचीच हवी असं मात्र नाही. लेबलवर स्ट्रेट लिहिलेलं असेल तर कमीत कमी दोन वर्षं पिंपात होती आणि चार वर्षांपेक्षा कमी असेल तर वय लिहावंच लागतं, म्हणजे स्ट्रेट आहे आणि वय नाही तर चार वर्षं तरी झालीत असं समजा. बॉटल्ड इन बॉन्ड दिसली तर आणखी बरं, 1897 च्या कायद्याची भानगड आहे ती, एकाच डिस्टिलरीची, एकाच सीझनची, निदान चार वर्षं ठेवलेली आणि नेमकी 50 टक्के.

इथे लगेच स्कॉचवाले काका म्हणतात की चार वर्षं म्हणजे पोरगीच की, आम्ही बाराच्या खाली पीत नाही. ही तुलनाच चुकीची. स्कॉच बहुतेक वेळा जुन्या, आधी वापरलेल्या पिंपात आणि थंड हवेत हळूहळू मुरते, बर्बनला पिंप कोरं आणि केंटकीचा उन्हाळा कडक, त्यामुळे लाकूड लवकर उतरतं, आणि फार वर्षं ठेवली तर उलट कडू लाकडासारखी लागायला लागते. धूर पण शोधू नका, तो पीटवाल्या, म्हणजे दलदलीतली वाळलेली माती जाळून धुरी दिलेल्या स्कॉचचा. आणि गंमत म्हणजे बर्बनवाल्यांना दर वेळी कोरं पिंप लागत असल्यामुळे त्यांची वापरलेली पिंपं जगभर जातात, आपल्या कुंकळ्ळीत बनणारी पॉल जॉन सिंगल माल्टसुद्धा बर्बनच्या जुन्या पिंपात मुरते. म्हणजे मडगावच्या माणसाने पॉल जॉनचा व्हॅनिला कौतुकाने हुंगायचा आणि बर्बनला गोडमिट्ट म्हणून नाक मुरडायचं, याला काय म्हणायचं?

चव ओळखता येत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. याला कारण आपण दुसऱ्याचे शब्द शोधत बसतो, टॉफी, चेरी पाय, लेदर. केंटकीतली चेरी पाय मी पण खाल्लेली नाही. आमच्या शेजारी एक काका आहेत, घरची काजूची भट्टी, आयुष्यभर फेणी हुंगलेलं नाक. त्यांना मी तीच बाटली दाखवली तर त्यांनी ग्लास घेतलाच नाही, तळहातावर चार थेंब घेतले, दोन्ही हात चोळले, अर्धा मिनिट थांबले, मग नाकाशी नेले आणि मला विचारलं, "हातूंत माडाचें गोड घालां कितें?" मी परत हुंगलं तर खरंच, माडाचा काळा गूळ, त्याच्यामागे भाजलेलं खोबरं, म्हणजे सरळ दोदोलच, ती आपली गोव्याची गूळ-नारळाची मिठाई! कोणी काही घातलेलं नव्हतं, बर्बनमध्ये पाण्याशिवाय रंग, फ्लेवर काही घालायची परवानगीच नाही. ते सगळं पिंपातून येतं, ओक जाळला की लाकडातली साखर कॅरॅमलसारखी होते, व्हॅनिला निघतो, खोबऱ्याचा वास पण ओकचाच. लवंगेसारखं लागतं ते पण तिथलंच. तळहाताची युक्ती यासाठी चालते की अल्कोहोल आधी उडून जातो आणि जड वास मागे राहतो. हाताला साबणाचा वास नको एवढंच.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. पहिला घोट जीभ ओली करायला, अगदी लहान, तोंडात चघळल्यासारखा फिरवायचा आणि गिळायचा, तो झोंबणारच. खरी चव दुसऱ्या-तिसऱ्यात कळते, आणि गिळल्यावर छातीत ऊब येते ती पण बघा. मिरीसारखी तिखट बाजू आली तर मक्यासोबत राय नावाचं धान्य असणार, मऊ ब्रेडसारखी असेल तर बहुतेक गहू, मेकर्स मार्कमध्ये रायच्या जागी गहूच आहे. जिम बीमच्या पांढऱ्या लेबलात मला दर वेळी भाजलेल्या शेंगा लागतात. एका बैठकीत तीन बाटल्या उघडून तुलना करायची असेल तर पंधरा-पंधरा मिलीच घ्या, नाहीतर तिसरी बाटली नेहमीच सगळ्यात चांगली ठरते, आणि स्कूटर घरी ठेवा.

शेवटचं, बाटली ठेवायची कशी. खिडकीत ऊन येतं तिथे नको, आडवी तर नकोच, वाईनची सवय इथे लावू नका, दारू कॉर्कला लागून राहिली की कॉर्क भुसभुशीत होतो. माझा पावसाळ्यात तुटला, अर्धा आत पडला. चहाच्या गाळणीवर धुतलेल्या मलमलचं फडकं ठेवून गाळून घेतली, दुसऱ्या रिकाम्या बाटलीचं झाकण लावलं, चवीला काही झालं नाही. निम्म्याच्या खाली आली की मात्र वर्षभर जपून ठेवू नका, हवा लागून वास उतरतो, छोट्या बाटलीत भरा किंवा कोणाला तरी बोलवा. मी मेहुण्याला दिवाळीत बोलावलं, तासभर फ्रीज, एक चमचा पाणी, कॉइल गेटावर. त्याने काही न बोलता ग्लास परत पुढे केला. रिकामी बाटली ते शेजारचे काका मागून घेऊन गेले, त्यात आता फेणी आहे, आणि लेबल त्यांनी अजून काढलेलं नाही.