कोयनेचे भूकंप नकाशावर काढताना: जीएमटी शिकणाऱ्यांसाठी

भूशास्त्र किंवा भूभौतिकीच्या एमएस्सीला गेलात की लवकरच कुणीतरी सीनियर एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीनं लिहिलेल्या कमांडची फाइल, पाठवतो. ‘यात फक्त तुझा डेटा टाक, नकाशा येतो.’ नकाशा येतोही. पण दुसऱ्या भागाचा नकाशा हवा झाला की गाडी अडते, कारण त्या स्क्रिप्टमधलं काय कशासाठी आहे हे त्या सीनियरलाही कुणी सांगितलेलं नसतं. अशी बरीच अडलेली मुलं माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

सॉफ्टवेअर म्हणजे जीएमटी, जेनेरिक मॅपिंग टूल्स. पॉल वेसल आणि वॉल्टर स्मिथ यांनी अमेरिकेत लॅमॉन्ट-डोहर्टीला संशोधक विद्यार्थी असताना १९८८ च्या सुमारास ते सुरू केलं. फुकट आहे. बटणं नाहीत, मेनू नाहीत, माऊसचं काही काम नाही. टर्मिनलमध्ये कमांड द्यायची आणि नकाशाची फाइल घ्यायची. जिल्ह्यांना रंग भरायचे असतील तर सरळ क्यूजीआयएस हे माऊसनं चालणारं नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा, उगाच मर्दुमकी नको. पण भूकंप, गुरुत्वमापन, समुद्रतळ असल्या विषयांत जायचं असेल तर जीएमटीला पर्याय नाही असं माझं मत आहे. गाइडनं पाचव्यांदा ‘वर्तुळं जरा लहान कर’ म्हटलं की एक आकडा बदलून स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, बस्स.

आधी हातातली स्क्रिप्ट कुठल्या काळातली आहे ते बघा. प्रत्येक ओळीत डॅश-के, डॅश-ओ आणि ‘पीएसकोस्ट’, ‘पीएसएक्सवाय’ अशी नावं दिसली तर ती जुनी पद्धत. २०१९ मध्ये सहावी आवृत्ती आली आणि ती कटकट संपली. जुन्या स्क्रिप्ट अजून चालतात, पण नव्यानं शिकताना त्यांच्या वाटेला जाऊ नका.

नवी पद्धत अशी: ‘जीएमटी बिगिन’ आणि फाइलचं नाव, मग हव्या तेवढ्या कमांड, शेवटी ‘जीएमटी एंड शो’. मधल्या कमांडपैकी तीनच आधी शिका. कोस्ट किनारा काढते, प्लॉट बिंदू-रेषा-आकार काढते, टेक्स्ट अक्षरं टाकते. टर्मिनलमध्ये अर्थातच सगळं रोमन लिपीत आणि रोमन आकड्यांत. मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात: मोठा आर नकाशाची चौकट ठरवतो, लहान आर भलतंच काही करतो. खालच्या उदाहरणांत डॅशनंतरचं पहिलं अक्षर मोठं, पुढची लहान; फक्त जे-एम मधला एमही मोठा.

महाराष्ट्रातले दोन मोठे भूकंप काढून बघू, कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३. चौकटीसाठी डॅश-आर आणि पुढे ७२/७८/१५/२०: पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर. प्रक्षेपणासाठी (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत) डॅश-जे-एम-१५सी, म्हणजे मर्केटर, रुंदी १५ सेंटिमीटर. डॅश-बी-ए-एफ दिलं की कडेला अंशांचे आकडे आपोआप येतात. या गोष्टी पहिल्या कमांडमध्ये एकदा दिल्या की पुढच्या कमांडना लक्षात राहतात.

आता बिंदूंची फाइल. इथे जवळजवळ प्रत्येकजण आपटतो. आपण बोलताना अक्षांश-रेखांश म्हणतो, मोबाइलवरचा नकाशाही अक्षांश आधी देतो. जीएमटीला रेखांश आधी लागतो. कोयनेचा बिंदू साधारण ७३.७५ पूर्व, १७.४ उत्तर. उलटा लिहिलात तर कोयनेचा भूकंप नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडतो. तो तिथे दिसला असता तर निदान हसता आलं असतं; पण चौकटीबाहेरचा बिंदू जीएमटी निमूटपणे सोडून देतं. एररही येत नाही. नुसता कोरा नकाशा येतो आणि मुलं तासभर सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. म्हणून नकाशा कोरा आला की आधी फाइलमधले पहिले दोन रकाने बघायचे. मिळालेली फाइलच उलटी असेल तर ती बदलत बसू नका, प्लॉटला डॅश-कोलन द्या; अदलाबदल तेच करतं.

तारखांचंही असंच. कोयनेचा ६.३ चा भूकंप ११ डिसेंबरला पहाटे झाला, किल्लारीचा ६.२ चा ३० सप्टेंबरला पहाटे. आंतरराष्ट्रीय कॅटलॉग उघडलात तर तिथे १० डिसेंबर आणि २९ सप्टेंबर दिसेल. चूक कुणाचीच नाही. कॅटलॉगमधली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली घड्याळं साडेपाच तास पुढे. नकाशावर तारीख छापणार असाल तर कुठली वेळ धरली ते खाली लिहा, नाहीतर तोंडी परीक्षेत लातूरकडचा कुणी परीक्षक निघाला की संपलं.

कमांडचा क्रम म्हणजे थरांचा क्रम. आधी वर्तुळं काढून मग कोस्टनं जमिनीत रंग भरलात तर सगळी वर्तुळं रंगाखाली जातात. रांगोळी काढून झाल्यावर अंगण सारवल्यासारखं ते होतं. म्हणून उंचसखलपणा सगळ्यात आधी. त्यासाठी जीआरडीइमेज नावाची कमांड आहे. उंचीचा डेटा जीएमटी स्वतःच इंटरनेटवरून उतरवून घेतं. १५ सेकंदांचा (हे सेकंद कोनाचे, अंशाचे भाग) घेतलात तर एक चौकोन साधारण साडेचारशे मीटरचा पडतो. सोबत छायेसाठी डॅश-आय-प्लस-डी द्या. सह्याद्रीचा कडा असा उठून येतो की कोकण कुठे संपतं आणि देश कुठे सुरू होतो हे रेघ न मारता दिसतं. त्यावर नुसती किनाऱ्याची रेघ, मग वर्तुळं, मग अक्षरं.

दोनच भूकंपांनी नकाशा भरत नाही. १९६२ पासून कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि तेव्हापासून त्या परिसरात लहान धक्के चालूच आहेत, म्हणजे शेकडो बिंदू होतात. वर्तुळाचा आकार मॅग्निट्यूडवरून ठरवायचा तर डॅश-एस-सी पुढे माप लिहायचंच नाही, मग ते फाइलमधून वाचलं जातं. खोलीनुसार रंगही हवा असेल तर रकान्यांचा क्रम रेखांश, अक्षांश, खोली, माप असा. खोली आणि माप यांची अदलाबदल झाली की १० किलोमीटर खोलीचा भूकंप १० सेंटिमीटरचं वर्तुळ होऊन अर्धा महाराष्ट्र झाकतो. माप म्हणून मी मॅग्निट्यूडमधून २ वजा करून ०.१५ नं गुणतो: ३ च्या धक्क्याला दीड मिलिमीटर, ६.३ च्या भूकंपाला साडेसहा मिलिमीटरच्या आसपास. मॅग्निट्यूड एकनं वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, ते प्रमाण वर्तुळात पाळायला गेलात तर कागद पुरणार नाही. आणि प्लॉटच्या आधी फाइल मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट करा, म्हणजे लहान वर्तुळं मोठ्यांच्या खाली दडत नाहीत.

जलाशयाची कड किंवा एखादा भ्रंश (फॉल्ट) स्वतःच काढायचा असेल तर गूगल अर्थवर गिरवा, केएमएल या गूगल अर्थच्या फाइल-प्रकारात साठवा आणि ‘केएमएलटूजीएमटी’ चालवा. एकाच फाइलमध्ये अनेक रेषा असतील तर दोघींच्या मध्ये ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह असलेली ओळ हवी. ती विसरली तर एका रेषेचं टोक दुसरीला जाऊन चिकटतं आणि नकाशावर नसलेला भ्रंश तयार होतो.

सीमांबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. कोस्टच्या डॅश-एन-१ नं येणारी भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळत नाही. ती प्रबंधात जशीच्या तशी छापू नका. डॅश-एन-२ नं राज्यांच्या सीमा येतील असं वाटतं, पण तिथे फक्त अमेरिका खंडातली राज्यं आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाची शेपफाइल (सीमारेषांची फाइल) घ्या, ओजीआरटूओजीआर या फाइलचं रूप बदलणाऱ्या वेगळ्या कमांडनं जीएमटीच्या रूपात आणा आणि प्लॉटनं काढा.

शेवटचा प्रश्न हमखास येतो: गावांची नावं मराठीत कशी टाकायची? टेक्स्ट कमांडकडून देवनागरीची अपेक्षा ठेवू नका. जोडाक्षरं, वेलांट्या तिला पेलत नाहीत. नकाशा पीडीएफमध्ये काढायचा, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा आणि नावं तिथे टाकायची. फक्त स्क्रिप्ट पुन्हा चालवली की ती पीडीएफ नव्यानं लिहिली जाते, म्हणून नावं टाकलेली प्रत वेगळ्या नावानं ठेवा, आणि हे काम गाइडनं नकाशा पास केल्यावरच हातात घ्या.