सोसायटीच्या ग्रुपवर नवीन आलात? रिप्लाय देताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत, व्हॉट्सॲप ग्रुपवर दीडशेच्या वर माणसं, आणि गेली चार वर्षं मी तिथे ॲडमिन आहे. दर महिन्याला कोणी ना कोणी नवीन येतं, भाडेकरू बदलतात, कोणाचे आईबाबा गावाहून राहायला येतात आणि मुलाने नुकताच फोन घेऊन दिलेला असतो. मेसेज टाइप करायला ही मंडळी पटकन शिकतात, अडतं ते दुसऱ्याच्या मेसेजला उत्तर देताना. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सरळ खाली 'हो' लिहून मोकळं होणं. मागच्या मे महिन्यात सेक्रेटरींनी सकाळी विचारलं, "उद्या टाकी धुवायला घ्यायची का?" त्याखाली कोणीतरी विचारलं, "बी विंगची लिफ्ट चालू झाली का?", मग एकीने दूधवाल्याचा नंबर मागितला, आणि मग एका काकांचा मेसेज आला, "हो". त्यांना टाकीबद्दल म्हणायचं होतं. पाचव्या मजल्यावरच्या आजी लिफ्ट बंद म्हणून खाली देवळात बसून होत्या, त्यांनी तो 'हो' लिफ्टचा समजून घराकडे चालायला घेतलं, आणि लिफ्ट बंदच. गुडघे धरत पाच जिने चढल्या त्या. काकांना कळलं तेव्हा किती वाईट वाटलं त्यांना, सांगू नये.

तर आधी हे शिका. ज्या मेसेजला उत्तर द्यायचंय त्यावर बोट ठेवून तो उजवीकडे सरकवा. टाइप करायच्या जागेच्या वर एक छोटी चौकट येते, त्यात तो मेसेज आणि ज्याने लिहिलाय त्याचं नाव. ते नाव वाचा, मगच टाइप करा, कारण घाईत बोट वरच्या किंवा खालच्या मेसेजवर पडतं. चुकीचा आला तर चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबा आणि परत करा. बोट थरथरत असेल, सरकवणं जमत नसेल तर मेसेज दाबून धरा, अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत डावीकडे वळलेला बाण दिसतो, आयफोनवर मेनूत रिप्लाय येतो, काम तेच.

आता यातली दुसरी गोष्ट, जी जुन्या मेंबर्सनाही माहीत नसते. चौकटीत फक्त एक पायरी दिसते. म्हणजे टाकीच्या प्रश्नाला काकांनी 'हो' म्हटलं आणि तुम्ही काकांचा 'हो' सरकवून "मला पण चालेल" लिहिलंत, तर वाचणाऱ्याला चौकटीत 'हो' एवढंच दिसणार, टाकी कुठेच नाही. अशा वेळी वर जाऊन मूळ प्रश्न सरकवा. वर जाणं सोपं आहे, काकांच्या रिप्लायमधल्या चौकटीवर टिचकी मारली की थेट मूळ मेसेजवर पोचता.

नोटीस लांबलचक असली की वेगळीच पंचाईत. पाण्याची वेळ, पार्किंग, कचरा, गणपतीची वर्गणी सगळं एकाच मेसेजमध्ये, तुम्हाला बोलायचंय वर्गणीबद्दल, आणि चौकटीत दिसतात नुसत्या पहिल्या दोन-तीन ओळी. लोकांना वाटतं तुम्ही पाण्याबद्दल बोलताय. इथे मेसेज कॉपी करा, टाइप करायच्या जागी पेस्ट करा आणि आपल्याला हवी ती ओळ ठेवून बाकीचं पुसा. ओळीच्या सुरुवातीला > हे चिन्ह आणि एक स्पेस दिली की ती ओळ वेगळी, अवतरणासारखी दिसते, २०२४ पासून ही सोय आलीय. मग नवीन ओळीवर आपलं उत्तर. चिन्ह सापडत नसेल तर साधी अवतरणचिन्हं द्या, पण कोणाचं वाक्य आहे ते नाव लिहाच. नाव नसलं की ते वाक्य तुमचंच होऊन बसतं.

आणि हे पुसापुसीचं काम फार जपून करा, माझा सगळ्यात जास्त जीव इथे अडकतो. मराठीत वाक्याची किल्ली शेवटी असते. 'नाही' शेवटी येतं, 'का' शेवटी येतं, 'म्हणे' पण शेवटी. आमच्या खजिनदारांनी लिहिलं होतं, "मेंटेनन्स या वर्षी वाढवावा असं माझं मत नाही, पण लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टचं बघावं लागेल." एका नवीन मेंबरने त्यातलं "मेंटेनन्स या वर्षी वाढवावा" एवढंच उचललं आणि खाली राग व्यक्त केला. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, फोनवर शब्द निवडताना बोट तिथे थांबलं. पण पुढच्या तासाभरात चाळीसेक मेसेज आले, सत्तरीच्या माणसाला लोकांनी काय काय ऐकवलं, आणि वर जाऊन मूळ मेसेज वाचायची तसदी दोघांनीच घेतली. खजिनदार आठ दिवस ग्रुपवर बोलले नाहीत.

"टँकर बंद होणार असं वॉचमन म्हणत होता" यातलं शेवटचं काढलं की अफवेची बातमी होते. "टँकर बंद होणार का" यातला 'का' गेला की प्रश्नाची घोषणा होते. म्हणून ओळ उचलताना वाक्य संपतं तिथपर्यंत घ्या, 'पण' असेल तर त्याच्या पुढचंही घ्या. समोरच्याची ऱ्हस्वदीर्घाची चूक असेल तर ती तशीच राहू द्या, दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही.

एकट्यालाच सांगायची गोष्ट असेल, म्हणजे कोणाचा हप्ता थकलाय वगैरे, तर मेसेज दाबून धरा, अँड्रॉइडवर तीन टिंबांत, आयफोनवर मेनूत रिप्लाय प्रायव्हेटली आहे. ते दाबल्यावर त्या माणसाचं वैयक्तिक चॅट उघडतं. पाठवायच्या आधी सगळ्यात वर कोणाचं नाव आहे बघा, ग्रुपचं दिसलं तर थांबा. उलट बाजूने, कोणी तुम्हाला खाजगीत लिहिलेलं ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा, स्क्रीनशॉट असला तरी विचारा.

कोणाचं लक्ष वेधायचं असेल तर नुसतं "जोशी काका बघा" लिहून उपयोग नाही. @ टाइप करा, यादी उघडते, त्यातून नाव निवडा. ग्रुप म्यूट केलेल्यालाही असा उल्लेख कळतो. त्यांच्याच मेसेजला रिप्लाय देत असाल तर वेगळं @ नको.

चुकलंच तर? १५ मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो, साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पण कोणी तोवर तुमचा मेसेज चौकटीत घेऊन रिप्लाय दिला असेल तर तुमचं डिलीट झालं तरी त्यांच्या चौकटीत तुमचे शब्द राहतात. मग लोक विचारतात, काय पुसलं, का पुसलं. त्यापेक्षा स्वतःचाच मेसेज सरकवा आणि खाली लिहा, "वरचं चुकलं, टाकी गुरुवारी धुणार, बुधवारी नाही." स्वतःच्या मेसेजलाही रिप्लाय देता येतो.

सराव ग्रुपवर करू नका, दीडशे फोन वाजतात. नवीन चॅट उघडलं की यादीत वरच आपलं स्वतःचं नाव येतं, तिथे स्वतःला दोन-तीन मेसेज पाठवा आणि सरकवणं, कॉपी करणं, ओळ छाटणं सगळं तिथेच करून बघा. पाचव्या मजल्यावरच्या आजींना मी असंच बसवून शिकवलं, दोन संध्याकाळी गेल्या. आता लिफ्टवर कोणी 'हो' म्हटलं की त्या तोच मेसेज सरकवून विचारतात, "कशाला हो?"