जन्मजात हृदयदोष असताना अनियमित ठोक्यांची नोंद कशी ठेवावी

लहानपणी हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवले किंवा झडप दुरुस्त केली, की तो विषय संपला, असे पुष्कळ घरांत मानले जाते. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेच्या जागी राहिलेला व्रण आणि वर्षानुवर्षे ताणलेला कप्पा यांमुळे हृदयातील विद्युतसंदेश आडवाटेने फिरू लागतो आणि दोन-तीन दशकांनंतरही ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून प्रकृती उत्तम वाटत असली तरी नियमित तपासणी चुकवू नये.

खरी अडचण अशी की, दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड बहुधा थांबलेली असते आणि ईसीजीत ती सापडत नाही. त्यामुळे नाडी पाहण्यास स्वतःच शिकावे. तळहात वर करून बसावे आणि मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखालच्या खोबणीत, दुसऱ्या हाताची तर्जनी व मधले बोट अलगद टेकवावे. अंगठ्याने पाहू नये, कारण त्याचीच नाडी जाणवून घोटाळा होतो. लय विस्कळीत असताना 15 सेकंद मोजून चारने गुणणे फसवे ठरते, म्हणून पूर्ण 60 सेकंद मोजावेत. वहीत तारीख, वेळ, ठोके आणि त्या वेळी आपण काय करत होतो, हे लिहावे. धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबली की हळूहळू ओसरली, एवढी एक ओळदेखील डॉक्टरांना फार उपयोगी पडते. स्वस्थ बसलेले असताना नाडी वेगाने पण अगदी नियमित चालत असेल, तर तेही नोंदवून लवकर दाखवावे. नियमितपणामुळे निर्धास्त होण्याची चूक अनेकांकडून होते.

ठोके नियंत्रित करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि सर्दीची गोळीही विचारल्याविना घेऊ नये, कारण नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी ठोके वाढतात. रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारे वॉरफरिन हे औषध चालू असल्यास आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी ठरल्या दिवशीच करावी.

शुद्ध हरपली, छातीत दुखू लागले, दम लागला किंवा बोलणे अडखळले, तर नोंदीत वेळ न घालवता रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः वाहन चालवत जाऊ नये. शस्त्रक्रियेचा अहवाल आणि बरे असतानाचा एक ईसीजी यांच्या प्रती कायम जवळ असू द्याव्यात. शस्त्रक्रिया झालेल्या हृदयाचा आलेख एरवीही वेगळाच दिसू शकतो, आणि तुलनेला जुना कागद हाती असला, तर नवे काय बिघडले ते अनोळखी डॉक्टरांनाही चटकन ओळखता येते.