शाळेच्या ग्रंथालयासाठी युद्धेतिहासाची पुस्तकं निवडताना
युद्धेतिहासाचं नवं पुस्तक हातात आलं की मी मुखपृष्ठावरच्या रणगाड्यात अडकत नाही, थेट शेवटची सूची उघडते. सूचीच नसेल तर सहावीतल्या मुलाने प्रकल्पासाठी हवं ते शोधायचं कसं?

मग एक तारीख पकडते: १ जुलै १९१६, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोम नदीकाठी झालेल्या लढाईचा पहिला दिवस. ब्रिटिश सैन्याचे सुमारे ५७,००० जण हताहत झाले, त्यांतले मृत साधारण १९,०००. घाईत लिहिलेल्या पुस्तकात हे सगळेच 'ठार' होतात. अशी चूक दिसली की पुढचा एकही आकडा मी तपासल्याशिवाय स्वीकारत नाही. जखमी, बेपत्ता आणि मृत यांतला फरक मुलांना कळायलाच हवा.

नकाशावर दिशा आणि प्रमाण, छायाचित्राखाली साल आणि ठिकाण. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात.

खरा वेळ मजकुराला द्या. सेनापतींइतकीच जागा परिचारिकांना, स्वयंपाक्यांना, घर सोडून निघालेल्या कुटुंबांना आहे का? एका मुलीने मला विचारलं होतं, "खंदकात पाय सतत ओले राहिले तर काय व्हायचं?" पाय बधिर व्हायचे, सुजायचे, सडले तर कापावे लागायचे. म्हणून मोजे बदलायची सक्ती असे. हे नीट सांगणाऱ्या पुस्तकाची मी दुसरी प्रतही घेतली.

मृतदेहांची छायाचित्रं असलेली पुस्तकं लहान वर्गांच्या कपाटात ठेवू नका. शत्रूला राक्षस ठरवणारं पुस्तक मात्र कुठल्याच कपाटात नको.